पेंढ्याची दोरी

शके १८४० सरत आलं होतं, म्हणजे इंग्रजी १९१९ सालचे फेब्रुवारी-मार्चचे दिवस. आदल्या वर्षी पाऊस श्रावणातच थांबला आणि पुन्हा आलाच नाही. मावळातला भात दाणा भरायच्या आत वाळून गेला. त्यामागून तापाची साथ आली आणि घरोघरची माणसं घेऊन गेली. लढाई संपल्याचं दिवाळीनंतर कळलं, पण लष्कराबरोबर इराकात बसऱ्याकडे गेलेली माणसं काही परत आली नव्हती. सगळेच थकलेले होते. त्या दिवसांत कुणी मोठ्यानं बोललेलंही मला फारसं आठवत नाही.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि पंधराव्या वर्षी संपलं. माझे थोरले बंधू केशव यांनी मला माहेरी आणलं, केस काढू दिले नाहीत, पुण्यात ठेवून लिहायला-वाचायला शिकवलं आणि मग लोणावळ्याला स्वतःजवळ नेलं. मालधक्क्याच्या मागं एक छोटा काचकारखाना होता, दोनच भट्ट्यांचा. आज तिथं त्याची एक वीटही नाही. कंदिलाच्या काचा एवढंच तिथं व्हायचं. मालक मुंबईत असत, व्यवस्था माधवराव म्हणून एक गृहस्थ पाहत, आणि काचा पेट्यांत भरायच्या छपरीवर केशवदादा कारकून होते. घरात बसून मी खंगेन म्हणून त्यांनी मला तिथं एक काम काढून दिलं. पेट्यांवर पत्ते रंगवायचं.

छपरीच्या टोकाला माझी एक खोली होती, खोली कसली, पत्र्याचा आडोसाच. काजळी अळशीच्या तेलात घोटून मी काळा रंग करायची आणि पेटीवर जबलपूर, हुबळी, नागपूर असे पत्ते काढायची. पत्त्याखाली, डाव्या कोपऱ्यात, ती पेटी जिनं भरली तिची खूण असे. वीस बायका होत्या आणि एकीलाही अक्षर येत नव्हतं, म्हणून प्रत्येकीनं आपली खूण मला सांगितली होती. वलवणच्या सरुबाईनं पोपट मागितला होता. तो मला जमेना, कावळ्यासारखा दिसायचा, आणि त्यावरून ती माझ्यावर कायमची रुसली होती. भाज्याच्या रतनबाईची खूण विळा. पोचलेल्या पेटीत काचा फुटलेल्या निघाल्या की तिकडचा व्यापारी खुणेसकट पत्र लिही. एकीच्या तीन पेट्या फुटल्या की ती बाई कामावरून गेली.

काच भरायचं काम दिसतं तितकं सोपं नसतं. आधी पेंढा झटकायचा. मग त्यावर पाण्याचा हलका शिपका मारून तो मळायचा, म्हणजे मऊ पडतो. जास्त ओला झाला तर वाटेत वाळून आकसतो आणि काचा सुट्या होतात. कोरडा राहिला तर मोडून त्याचा भुसा होतो. पेटीच्या तळाला वीतभर थर, त्यावर काचा आडव्या, एकीचं तोंड दुसरीच्या बुडाशी. मधे मूठभर पेंढा, कडेला त्याहून जास्त, आणि कोपऱ्यात सगळ्यात जास्त, कारण मार कोपऱ्याला बसतो. मुंबईकडची पेटी असली तर आणखी काळजी. घाटात तेव्हा गाडी मधेच थांबवून इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला जोडत, त्या हिसक्यात वाघिणीतल्या, म्हणजे मालडब्यातल्या, पेट्या एकमेकींवर जात. झाकण ठोकायच्या आधी दोघी जणी पेटी उचलून हलवत आणि तिला कान लावत. "बोलती का बग," असं एकमेकींना म्हणत. पेटी बोलली की सगळी उपसून पुन्हा भरायची.

रतनबाई हे काम सगळ्यांत चांगलं करायची. पंचवीस-सव्वीस वर्षांची, अंगानं काटकुळी, हात मात्र पुरुषासारखे मोठे. भाज्याहून रोज तीन कोस चालत यायची आणि तितकीच परत जायची. नवरा हौशीराम खेचरं हाकायला म्हणून लष्कराबरोबर बसऱ्याला गेला त्याला दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. विसापूरच्या पायथ्याला भाताची तीन खाचरं, आणि तांब्या व हरण्या ही बैलजोडी. जाताना हौशीराम तिला एकच गोष्ट सांगून गेला होता, बैल जप. बैल गेले तर खाचरं पडीक पडणार आणि तो आल्यावर त्याला हातात धरायला काही उरणार नाही, हे ती मला कितीदा तरी सांगायची. बाकी नवऱ्याबद्दल काही बोलत नसे.

त्या वर्षी चारा कुठंच नव्हता. डोंगरावरचं गवत दाबून, गठ्ठे बांधून लष्कराच्या घोड्यांसाठी वाघिणी भरभरून गेलं होतं. उरलं ते लोकांनी मुळासकट ओरबाडलं. पेंढा मात्र एका ठिकाणी होता, आमच्या आवारात. माधवरावांनी पीक जाणार हे आधीच ओळखून नाणे मावळातला, पवन मावळातला जुना पेंढा मिळेल तेवढा उचलला होता. तीन मोठ्या गंज्या उभ्या होत्या. बायका दुपारी भाकरी सोडून त्या गंज्यांच्या सावलीत बसत. ज्यांच्या दारात जनावर होतं त्यांना तिथं घास गिळताना काय होत असेल, ते मला तेव्हा पुरतं कळत नव्हतं. खाली सांडलेला केरसुद्धा नेता येत नसे. त्यात काचेचे कण असत. जनावराच्या पोटात गेला तर ते जायचं, म्हणून तो रोज भट्टीत टाकत.

आणि संध्याकाळी सुटताना दाराशी झडती असे. मुक्ताबाई नावाची म्हातारी बायकांचे ओचे झाडून बघायची, पदर झटकायला लावायची. पेंढ्याची काडी सापडली तरी दुसऱ्या दिवशी काम बंद.

माघात कधीतरी सरुबाईच्या लक्षात आलं की रतनबाईचं पोट दिसायला लागलंय.

"रतने, बसऱ्याचं टपाल लय जोरात चालतंय गं," ती काम करता करता म्हणाली. "नवऱ्यानं तारेनं धाडलं जनू."

बायका खाली मान घालून हसल्या. रतनबाईनं हातातली काच वळवून ठेवली आणि दुसरी उचलली.

"बोल की. का बसऱ्याची भाषा शिकलीस?"

"सरू, तुजी पेटी बोलाया लागली बग," रतनबाई म्हणाली. "ती गप कर आदी."

एवढंच. ती नाही म्हणाली नाही. मला त्या गप्पपणाची भीती वाटली. मी स्वतः नवरा नसलेली बाई. माझ्याबद्दल असं कुणी एक अक्षर बोललं असतं तर दादांना लोणावळा सोडावं लागलं असतं. त्या दिवशी मी पत्ते काढताना दोनदा चुकले.

आठएक दिवसांनी दुपारी ती माझ्या आडोशात आली.

"आक्का, जरा तेल द्या की. बोटभर."

"कशाला गं?"

मी तिला अरे-तुरे करायची. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी होती, आणि मला अहो-जाहो करायची. तेव्हा त्यात काही वावगं वाटत नसे.

तिनं बाहेर बघून घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून चोळी वर सरकवली. कमरेभोवती, लुगड्याच्या आत, पेंढ्याची दोरी गुंडाळलेली होती. करंगळीएवढी जाड, अशी घट्ट वळलेली की काथ्याचीच वाटावी. वेढ्याला वेढा चिकटून बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत. दोरीच्या वरच्या कडेला कातडी सोलवटून लाल झाली होती, ठिकठिकाणी पाणी सुटलं होतं.

मी तेल दिलं, आणि तिचा हात पोचेना तिथं मी लावलं.

"चोरी न्हाई ही," ती म्हणाली. "म्हंजी हाय. पन पेटीतलं काडून नेत न्हाई मी. मूठमूठ कोंबायच्या ऐवजी बारीक दोरी वळती आन् काचंला दोन येढं देती, एक गळ्याला, एक पोटाला. काचंला काच लागत न्हाई. निम्म्यात काम हुतं. वरचा थर समद्यांसारकाच घालती, दिसाया. जे उरतं ते हे."

"आणि मुक्ताबाई?"

"तीच तर." ती जरा हसली. "पैल्या दिशी तिचा हात पोटाला लागला आन् तिनं चटका बसल्यागत काडून घेतला. गरवार बाईच्या पोटाला परक्यानं हात लावू न्हाई म्हनत्यात. तवापासून नुसता पदर बगती. मग आता मी कुनाकुनाला सांगू की मी गरवार न्हाई? सांगितलं तर हात लावून बगतील. सकाळी येताना बी पोट रिकामं दिसू न्हाई म्हनून जुनं लुगडं गुंडाळती."

"पण लोक काय म्हणतायत..."

"म्हनू द्या. लोकांच्या म्हनन्यानं बैल मरत न्हाई."

त्या दिवसापासून तेल लावायचं काम माझं झालं. ती दुपारी यायची, मी आडोशाच्या तोंडाशी पेटी उभी करायची आणि तिची पाठ तेलानं पुसायची. कधी कधी ती उभ्या उभ्या डुलकी घ्यायची. सकाळी अंधारात उठून बैलांना पाणी दाखवायचं, तीन कोस यायचं, दिवसभर वाकून पेट्या भरायच्या, अंगावर ते ओझं घेऊन तीन कोस जायचं, मग कमरेची दोरी सोडून ती उकलून दोन बैलांपुढं टाकायची. एवढ्यानं पोट भरायचं नाहीच. पण उभे होते.

फाल्गुनात एके दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, तिचा धाकटा दीर दत्तोबा आला. त्याचं घर वेगळं होतं, पण वाट एकच, आणि गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही. तो आवारात आला आणि गंजीपाशी, सगळ्या बायकांच्या समोर उभा राहिला. रागावलेला नव्हता. तोही थकलेलाच दिसत होता, आणि त्यानंच ते जास्त वाईट वाटलं.

"वैनी, तुमचं तुमी बगा," तो म्हणाला. "मी काय बोलनार न्हाई. पन बैल दादाचं हाईत. ते आज सोडून नेतोय माज्या गोठ्यात."

"तुमच्या गोठ्यात काय घालनार भावजी त्यास्नी?"

"ते माजं मी बगीन. दादा आल्यावर त्येला तोंड मला दावायचंय. ज्या घरात असलं झालं तितं त्येची जोडी बांदून ठिवली म्हनून तो मला इचारंल."

"असलं म्हंजी कसलं?"

दत्तोबा खाली बघत राहिला. सरुबाई मागून हळूच म्हणाली, "आता तोंडानं वदवून घेती का?"

मी आडोशाच्या तोंडाशी बसून पेटीवर जबलपूर काढत होते. कुंचला हातात होता. रतनबाईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, एक दोन क्षण. त्या सगळ्या आवारात ती पोटुशी नाही हे ठाऊक असलेली मी एकटी होते. मी एवढंच म्हणायचं होतं की मी बघितलंय, तिच्या पोटी काही नाही. पण तसं म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग पोटाला काय आहे, आणि तुला कसं माहीत, आणि इतके दिवस तू गप्प का. दादांची नोकरी डोळ्यांपुढं आली. माझं नाव लोकांच्या तोंडी आलेलं ऐकू आलं. मी कुंचला रंगात बुडवला. मला आजही आठवतं, रंग पुरेसा होता, बुडवायची गरज नव्हती.

रतनबाई माझ्याकडून वळली. तिनं पदर खांद्यावर घट्ट ओढला, बाजूनं हात घालून दोरीचं टोक काढलं आणि ओढायला लागली.

ती गोल गोल फिरत नव्हती. एका जागी उभी राहून, हातानं वेढे सोडवत, पाठीमागून पुढं घेत, ती दोरी पायाशी टाकत होती. पेंढ्याचा सुकलेला खरखर आवाज येत होता. दोरी संपेचना. तिच्या पायाशी वेटोळं मोठं होत गेलं आणि तिचं पोट खाली खाली जात शेवटी आत गेलं. बायकांपैकी एकीनंही भाकरी चावली नाही. मुक्ताबाईनं तोंडाला पदर लावला.

"हे बगा भावजी," शेवटचं टोक टाकून ती म्हणाली. "हेच्यात काय हाय ते तांब्याला आन् हरण्याला इचारा."

 दत्तोबानं वाकून ती दोरी हातात घेतली, ओढून पाहिली, पुन्हा ठेवली. मग फाटकातून निघून गेला. बैल न्यायला तो नंतर कधीच आला नाही.

पण माधवराव तोवर बाहेर आले होते. ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते. दोरीकडे पाहून म्हणाले, "बाई, सगळ्यांच्या देखत झालं. मी पाहिलं नाही असं म्हणता येत नाही मला."

"तुमी तरी काय करनार सायेब," ती म्हणाली.

मग कारकून म्हणून केशवदादांनी तिला जायला सांगितलं. ती गेली. दोरी तिथंच राहिली. ती उचलून गंजीवर टाकावी असंही कुणाला वाटेना.

दुसऱ्या दिवशी माधवरावांनी मालधक्क्यावर लागलेल्या, विळ्याच्या खुणेच्या सगळ्या पेट्या परत आणवल्या. इतका पेंढा गेला म्हणजे पेट्या पोकळ असणार, त्या गेल्या तर कारखान्याची अब्रू जाणार, असा त्यांचा हिशेब. अकरा पेट्या होत्या. दादांनी आणि हमालांनी एकेक हलवून पाहिली. एकही बोलली नाही. माधवरावांनी स्वतः एका पेटीचं झाकण उचकटलं आणि वरचा थर काढला. खाली काचा ओळीनं झोपल्या होत्या, प्रत्येकीला बारीक दोरीचे दोन वेढे, गळ्याला एक आणि पोटाला एक. त्यांनी एक काच काढली, वेढे मोजले, पुन्हा होती तशी बसवून पाहिली. त्यांना ती तशी बसेना.

"केशवराव, हिच्या किती पेट्या फुटल्या आजवर?"

"एकही नाही," दादा म्हणाले.

आठ दिवस काहीच झालं नाही. मग दुसरी गंजी संपली आणि तिसरीचा बुंधा दिसायला लागला. नवा पेंढा कुठूनच येत नव्हता. दादा घरी मला म्हणाले, "भाज्याला जाऊन ये. तिला म्हणावं, बायकांना दोरी वळायला शिकव. साहेबांचं म्हणणं आहे."

"तुम्ही का जात नाही?"

"तिला जा म्हणालो तो मी," ते म्हणाले. "आता ये म्हणायला मी कसा जाऊ?"

मी मळवलीपर्यंत गाडीनं गेले आणि तिथून चालत. दुपारची वेळ होती. रतनबाई गोठ्यात होती. तांब्या उभा होता, पण हरण्या बसलेला होता, आणि त्याचं बसणं पाहूनच कळत होतं की तो आता उठायचा नाही. पुढं बांबूचा पाला आणि उंबराची पानं टाकलेली होती. त्याला त्यांनी तोंड लावलं नव्हतं.

"बसा आक्का," ती म्हणाली. "गूळ न्हाई घरात. पानीच देती."

मी निरोप सांगितला. ती ऐकत हरण्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिली.

"मी यीन," ती म्हणाली. "पन दाराशी माजं लुगडं कुनी झाडायचं न्हाई. आन् रोज सांच्याला दोन बैलांपुरता पेंढा डोक्यावर घेऊन जाईन. उघड्यावर. समद्यांच्या म्होरून."

"मी सांगते त्यांना."

"सांगाल न्हवं?"

ते तिनं टोचून म्हटलं नव्हतं. तरी मला ते लागलं. मी म्हणाले, "रतनबाई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"तुमी बोलला असता तर तुमच्यावर आलं असतं. मला म्हाईत व्हतं ते." तिनं पाण्याचं भांडं माझ्यासमोर ठेवलं. "म्हाईत असून बगितलं तुमच्याकडं. बगितलं गेलं."

मी पाणी प्यायले आणि निघाले.

माधवरावांनी झडतीची अट लगेच मान्य केली. पेंढ्याचं म्हणाले, "एका बैलापुरता देतो. दोन म्हणाली म्हणजे तिची अपेक्षा एकाचीच असणार." त्यांना बाजारात भाव करायची सवय होती. मी म्हणाले की तिनं दोन म्हटलंय म्हणजे दोनच. तोंडातून शब्द फुटायला एवढा वेळ लागला होता, आणि आता फुटूनही उपयोग झाला नाही. एकाचाच मिळाला.

ती आली. छपरीच्या मधोमध बसून तिनं वीस बायकांना दोरी वळायला शिकवलं. सरुबाई पहिल्यांदा लांब बसली, मग तिलाही यावं लागलं.

"सैल वळू नगंस, सरू. काच कुशीवर निजल्यागत ऱ्हायली पायजे."

"लय शानी झालीस. पोटाला बांदून शिकलीस म्हनून काय."

"तूबी बांद. तुज्या पोटाला लय दोरी लागंल, जरा येळ जाईल."

बायका हसल्या. बऱ्याच दिवसांनी त्या छपरीत हसू ऐकू आलं. सरुबाईसुद्धा हसली, पण तिनं हसताना तोंड फिरवलं.

रोज संध्याकाळी एका बैलापुरती पेंढी डोक्यावर घेऊन रतनबाई दारातून जायची. मुक्ताबाई बाजूला सरायची. घरी गेल्यावर ती पेंढी रतनबाई दोघांत वाटत होती की तांब्यालाच घालत होती, हे मी विचारलं नाही. चैत्रात, पाडवा होऊन चार-पाच दिवस झाले असतील, ती कामावर उशिरा आली. हातापायांना माती होती. तिनं हात धुतले आणि बसून दोरी वळायला घेतली. हरण्या गेला हे सगळ्यांना समजलं होतं.

पावसाळा त्या वर्षी वेळेवर आला. आषाढात मी एकदा भाज्याला गेले तेव्हा खाचरात चिखलणी चालू होती. औताला तांब्या होता आणि त्याच्या शेजारी दत्तोबाचा एक पांढरा बैल. त्याच्याही जोडीतला एक उन्हाळ्यात गेला होता. दत्तोबा औत धरून होता आणि रतनबाई बांधावरून रोपं फेकत होती. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. आधी हौशीरामची खाचरं झाली, मग दत्तोबाची. त्यानंतर ती जोडी तशीच राहिली, तिसऱ्या वर्षी तांब्या म्हातारा होऊन मेला तोवर.

हौशीराम १९२० च्या उन्हाळ्यात परत आला. हिवतापानं पोटात पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली, दर पंधरा दिवसांनी हुडहुडी. गावात कुणीतरी त्याला पोटाची गोष्ट सांगितलीच. तो म्हणे सकाळी उठून गोठ्यात हरण्याच्या दाव्यापाशी जाऊन बसला. पुढं दोन मुलगे आणि एक मुलगी झाली. तो १९३६ साली गेला.

रतनबाई कारखाना चालू होता तोवर तिथंच होती. बाहेरदेशच्या स्वस्त काचा बाजारात आल्या आणि १९२७ मध्ये भट्ट्या विझल्या. त्यानंतर तिनं शेतीच केली. शेवटची भेट झाली तेव्हा तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, पण हात तसेच मोठे होते. १९४४ च्या थंडीत गेली. मला दोन महिन्यांनी कळलं.

दत्तोबाची बायको साथीत गेली होती, त्यानं पुन्हा लग्न केलं नाही. भावाच्या मुलांना त्यानंच औत धरायला शिकवलं. मुक्ताबाई कारखाना बंद व्हायच्या आधीच देवाघरी गेली. सरुबाई मुलाकडे मुंबईला गिरणीत गेली आणि मग तिचं काहीच कळलं नाही.

माधवराव मालकांच्या दुसऱ्या पेढीवर सोलापूरला गेले. जाताना त्यांनी दोरीनं भरायची रीत आपल्याला सुचली असं मालकांना कळवलं होतं, असं दादा सांगत. पण दादांचा त्यांच्यावर थोडा रागही होता, तेव्हा ते कितपत खरं ते मी सांगू शकत नाही.

केशवदादांना नंतर तळेगावात शाळेची कारकुनी मिळाली. त्यांनी मला पुन्हा पुण्याला पाठवलं आणि मी ट्रेनिंगची परीक्षा दिली. ते १९४१ मध्ये हृदयविकारानं गेले. मी तळेगावच्या मुलींच्या शाळेत एकोणतीस वर्षं शिकवलं, आणि आता इथंच, भाचीच्या घरी, मागच्या खोलीत राहते.